घरकर्जाचे कागद

घर घ्यायचे ठरले की माणूस आधी पैशांचा हिशेब करतो. तो करायलाच हवा. पण पैसे जमले नि कागदांनी अडवले, अशी घरे आम्ही मुलुंड-भांडुपकडे पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून हा धडा कागदांचा आहे. यात काही शब्द नवे वाटतील. ते दोनदा वाचा. कर्जाच्या फाइलीत तेच शब्द पुन्हा भेटणार आहेत.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येत असत. दिवसा त्या पोळी-भाजीचे डबे करीत. त्यांचे यजमान एका गोदामात कारकून. वर्ष-दीड वर्षात बाई जोडाक्षरे वाचू लागल्या. त्याच सुमारास मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत त्यांनी एक खोली आणि स्वयंपाकघर एवढे घर पसंत केले. किंमत ठरली ४५ लाख रुपये. मालक म्हणाला, एक लाख बयाणा द्या, म्हणजे मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला घर दाखवणार नाही. दलालाने टाइप केलेली पावती पुढे ठेवली. यजमानांनी पेन उघडले. बाई म्हणाल्या, "अहो, थांबा जरा. मला वाचू द्या."

त्या बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेल्या. चौथ्या ओळीवर बोट थांबले. तिथे लिहिले होते, 'सदर रक्कम कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही.'

दलाल हसून म्हणाला, "वहिनी, हा नेहमीचाच मजकूर आहे. सगळे सही करतात."

"आणि बँकेने कर्ज दिले नाही तर?"

याला दलालापाशी उत्तर नव्हते. अर्धा तास बोलणे झाले. शेवटी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी हाताने दुसरी लिहिली: 'कर्ज मंजूर न झाल्यास किंवा घराच्या कागदांत दोष निघाल्यास बयाण्याची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करीन.' बाजूला मालकाची सही घेतली. एक लाख रुपये म्हणजे त्या घरातली कित्येक वर्षांची बचत होती. ही ओळ पुढे कामाला आली. ते कसे, ते ओघाने येईल.

बँक कर्ज कशावर देते? आमच्या वर्गात विचारले तर सगळे म्हणतात, पगारावर. हे अर्धेच खरे. बँक दोन गोष्टी तपासते. कर्ज घेणारा माणूस फेडू शकेल का, ही एक. आणि ज्या घरावर कर्ज द्यायचे ते घर खरोखर विकणाऱ्याचे आहे का, ही दुसरी. म्हणून फाइलीचेही दोन भाग असतात, माणसाचे कागद आणि घराचे कागद.

साध्या पगारदाराला घरासाठी वीस-वीस वर्षांचे कर्ज मिळणे ही तशी जुनी गोष्ट नव्हे. पूर्वी लोक भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढीत, दागिने मोडीत, गावची जमीन विकीत. घर हाती येईपर्यंत निवृत्तीचे वय होई. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली मुंबईत एच.डी.एफ.सी. ही संस्था काढली, ती घरांना कर्ज देण्यासाठीच. तिचे पहिले कर्ज १९७८ साली आपल्या उपनगरात, मालाडच्या एका गृहस्थांना दिले गेले. रक्कम होती ३०,००० रुपये. पुढे २०२३ साली ती संस्था त्याच नावाच्या बँकेत विलीन झाली. आज सरकारी, खासगी, सहकारी अशा सगळ्याच बँका घरकर्ज देतात.

आता माणसाचे कागद. आधार, पॅन, फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा, हे सर्वांना ठाऊक आहे. ते गोळा करायला एक दिवस लागतो. महिने लागतात ते नावाला. आपल्याकडे मुलीचे लग्न झाले की आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कित्येक घरांत पहिले नावही बदलतात. मग शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि पासबुकात कारकुनाने लिहिले तसे. त्या बाईंचे हेच झाले होते. तीन कागदांवर तीन बाया! पुरुषांनीही हसू नये. एका कागदावर 'गणपत', दुसऱ्यावर 'गणपतराव' आणि तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग निराळे, असे आम्ही नेहमी पाहतो.

यावर उपाय आहे. लग्नाच्या नोंदणीचा दाखला असेल तर तो दोन नावांना जोडतो. नावबदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घेता येतो. लहानसा फरक असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असे प्रतिज्ञापत्र बहुधा चालते. मात्र हे सारे घर शोधायला निघण्यापूर्वी करावे. बयाणा दिल्यावर दिवस मोजावे लागतात, तेव्हा एकेक दिवस भारी पडतो.

नंतर कमाईचे कागद. नोकरी असेल तर पगारपत्रके, मालकाकडून मिळणारा फॉर्म १६ आणि पगार जमा होतो त्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. स्वतःचा धंदा असेल, मग तो रिक्षाचा असो की डब्यांचा, तर दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागतात. इथे कष्टकरी माणूस अडतो. बाईंचा डब्यांचा पैसा रोख येई, रोख जाई. महिन्याला चांगली मिळकत असून कागदावर शून्य. बँकेने ती धरलीच नाही. कर बसत नसला तरी विवरणपत्र भरता येते आणि पैसे खात्यात भरता येतात. दोन वर्षे हे केले की मिळकत दिसू लागते. बाईंनी त्या वर्षापासून ते सुरू केले.

आणखी एक कागद आपण देत नाही, पण बँक पाहते. आपण पूर्वीची कर्जे कशी फेडली त्याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत. त्यांपैकी सिबिल हे नाव लोकांच्या तोंडी बसले आहे. या नोंदीवरून ३०० ते ९०० मध्ये गुण देतात. हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे दोन हप्ते चुकले, किंवा मित्राला जामीन राहिलो आणि त्याने कर्ज बुडवले, तर गुण उतरतात. या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल आपल्याला फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो अर्जाआधी मागवून पाहावा. चूक असली तर दुरुस्त करायला वेळ मिळतो.

आता घराचे कागद. धड्याचा खरा गाभा हाच आहे.

गावी जमीन कुणाची हे सातबारा सांगतो. शहरात तेच काम मालमत्ता पत्रक करते. त्याला लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. ते नगर भूमापन कार्यालयातून मिळते. त्यावर जमिनीचा सी.टी.एस. नंबर असतो आणि मौजे, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. ते वाचून दचकू नका. मुलुंडच्या घराच्या कागदावर 'तालुका कुर्ला' असते. घाटकोपरच्या काही भागात 'मौजे किरोळ' असते. अंधेरी पश्चिमेला 'मौजे आंबिवली', बोरिवलीला 'मौजे एक्सर' अशी जुन्या गावांची नावे भेटतात. गावे इमारतींखाली गेली, पण कागदावर ती जिवंत आहेत. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० साली झाला. त्यात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली हे तीनच तालुके आहेत. तेव्हा आपण पाहिलेले घर आणि कागदावरचे घर एकच आहे ना, हे या नंबरावरून ताडून पाहावे.

पण हे झाले जमिनीचे. सदनिका कुणाची, हे खरेदीच्या करारावरून कळते. करार बहुधा इंग्रजीत असतो आणि चाळीस-पन्नास पानांचा असतो. तो पाहून आपण हात टेकतो. घाबरू नका. कराराची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात झाली की एक लहान कागद मिळतो. त्याचे नाव सूची क्रमांक दोन. लोक त्याला इंडेक्स टू म्हणतात. तो मराठीत असतो! ज्याला अक्षरओळख झाली त्याला तो वाचता येतो. त्यावर दस्ताचा प्रकार असतो. मोबदला, म्हणजे ठरलेली किंमत, असते. सरकारने धरलेला बाजारभाव, घराचा क्रमांक, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. आणि दोन फार महत्त्वाच्या जागा असतात. एक, दस्तऐवज लिहून देणाऱ्या पक्षकाराचे नाव. दुसरी, दस्तऐवज करून घेणाऱ्या पक्षकाराचे नाव.

देणारा म्हणजे विकणारा. घेणारा म्हणजे विकत घेणारा. एवढे ध्यानात धरा. आता समजा, घर बिल्डरने पहिल्या माणसाला विकले, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसरा आपल्याला विकतो आहे. म्हणजे मागे तीन करार झाले. हे कागद तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडा. वरच्या कागदातला घेणारा खालच्या कागदात देणारा झाला पाहिजे. जितके घेणारे, तितकेच देणारे. आगगाडीचे डबे एकमेकांत अडकतात, तसे हे कागद अडकले पाहिजेत. बँकेचा वकील हेच करतो. तो मागची तीस वर्षे तपासतो. त्याच्याआधी हे आपण करून पाहावे.

बाईंनी ते वर्गातल्या बाकावर करून पाहिले. बिल्डरचा करार १९७९ चा. दुसरी खरेदी १९९१ ची, तिसरी २००६ ची. बाई वाचत होत्या, आम्ही गप्प बसलो होतो. १९९१ च्या कागदावर घेणारे दोन भाऊ होते. २००६ च्या कागदावर देणारा एकच भाऊ. बाईंनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "गुरुजी, दुसरा भाऊ कुठे गेला?"

हा प्रश्न मोठा होता. आम्ही तीस-पस्तीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवले. एकवचन आणि अनेकवचन यातला भेद पंचेचाळीस लाखांचा असतो हे त्या दिवशी कळले.

मालकाला विचारले. तो म्हणाला, तो भाऊ मागेच वारला, आता कोण विचारतो? पण भाऊ वारला तरी त्याचा हिस्सा वारत नाही. तो त्याच्या वारसांकडे जातो. त्या सर्वांनी हक्कसोडपत्र किंवा तसा दस्त करून नोंदवलेला असला पाहिजे. तसा कागद नव्हता. सोसायटीच्या भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, मागच्या बाजूला मालकाचे एकट्याचे नाव चढलेले होते. ते दाखवून तो वाद घालू लागला. पण भाग दाखला हा सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद आहे. विकणाऱ्याला पुरता हक्क होता की नाही, हे तो सांगत नाही. लाइट बिलाचे तर नावच नको. मुलुंडला महावितरणचे बिल ज्याच्या नावाने येते तो मालक, असे समजणारे लोक अजून आहेत. सोसायटीतल्या नामनिर्देशनाबद्दलही असाच गैरसमज असतो. नॉमिनी नेमला म्हणून वारसांचे हक्क पुसले जात नाहीत.

मालक वारसांना आणू शकला नाही. सौदा मोडला. पावतीवरची ती ओळ दाखवल्यावर लाख रुपये परत मिळाले. पंधरा दिवसांचे चाळीस दिवस झाले, पण मिळाले.

जुन्या घरांचा आणखी एक त्रास असतो. मधला एखादा करार हरवलेला असतो. त्याची नोंदणी झाली असेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते. जुने कित्येक करार नोंदवलेलेच नव्हते. तेव्हा कागद हरवल्याची पोलिसांत नोंद करतात, मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतात आणि हमीपत्र लिहून देतात. सोसायटीच्या दप्तरात झेरॉक्स सापडते का, तेही पाहावे. हे सगळे विकणाऱ्याने करायचे, आणि आपण पुरते पैसे देण्याआधी करायचे. सोसायटीचा ना-हरकत दाखला आणि थकबाकी नसल्याचा दाखलाही त्यालाच आणायला सांगावा. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर, अंधेरीचे डी. एन. नगर अशा वसाहतींतले घर असेल तर म्हाडाने मूळ माणसाला घर दिल्याचे पत्र आणि पुढच्या माणसाचे नाव चढवल्याचे पत्र हेही लागते.

नवी इमारत असेल तर साखळी लहान असते. पण तिथे महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. हा कायदा २०१६ चा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. इमारत पुरी झाली म्हणत असेल तर महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र मागावे.

आता थोडा हिशेब. बँक पूर्ण किंमत देत नाही. रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाख असेल तर ८० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ४५ लाखांच्या घराला फार तर ३६ लाख. उरलेले ९ लाख आपले. वर मुद्रांक शुल्क. मुंबईत ते सहा टक्के आहे, म्हणजे २ लाख ७० हजार. घेणाऱ्या सगळ्या स्त्रियाच असतील तर एक टक्का कमी पडते. इथे ४५,००० रुपये वाचतात. नोंदणीचे ३०,००० निराळे. तेव्हा हातात बारा लाख तरी हवेत, ९ नव्हे. हप्त्याचे म्हणाल तर साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षे मुदत धरली, तर एका लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये पडतात. ३६ लाखांना सुमारे ३१,२५० रुपये. वीस वर्षांत फेड होते जवळजवळ ७५ लाखांची. हा आकडा पाहूनच किती कर्ज घ्यायचे ते ठरवा. बँक देते तितके सगळे घेतलेच पाहिजे असे नाही.

सह्यांबद्दल आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही आमचे घर घेतले तेव्हा मुख्याध्यापक होतो. कर्ज देणाऱ्या संस्थेचा माणूस शाळेत आला, मधल्या सुट्टीत. त्याने फॉर्मचा गठ्ठा पुढे केला आणि जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे आम्ही सह्या करीत गेलो. बरेचसे फॉर्म कोरे होते. घंटा होत आली होती. चार महिन्यांनी उतारा आला. त्यात एका विम्याचा ११,००० रुपयांचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिळवलेला होता, आणि त्यावर व्याज चालू होते. आम्ही तक्रार केली. त्यांनी आमची सही दाखवली. वर्गात मुलांना 'वाचल्याशिवाय सही करू नये' असे सांगणाऱ्या माणसाची ही गत! विमा असणे वाईट नाही. पण कर्ज देणाराच सांगेल तोच विमा घेतला पाहिजे, अशी सक्ती कायद्यात नाही. फॉर्म पूर्ण भरलेला असावा, रिकाम्या जागेवर आडवी रेघ मारावी आणि मगच सही करावी. सही केलेल्या प्रत्येक पानाची झेरॉक्स मागावी.

कर्ज मंजूर झाले की बँक मूळ कागद ठेवून घेते. यालाच गहाण म्हणतात. मालकीची कागदपत्रे तारण म्हणून हवाली केली की गहाण झाले, निराळे गहाणखत करावे लागत नाही, ही रीत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. त्या कायद्यात ज्या शहरांना मुळातच ही सवलत दिली त्यांत कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई होती. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. बँकेचा माणूस त्याची आठवण करील, पण जबाबदारी कर्जदाराची आहे.

हे कागद वीस वर्षे आपल्या डोळ्यांआड राहतात. म्हणून देताना यादी करून पोच घ्यावी. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावेत आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण कोणते कागद दिले होते हेच जर आपल्यापाशी लिहिलेले नसेल, तर परत काय मागणार?

त्या बाईंना पुढे सात महिन्यांनी शेजारच्याच गल्लीत दुसरे घर मिळाले. किंमत थोडी कमी होती. साखळी दोनच करारांची, देणारे-घेणारे बरोबर जुळलेले. कर्ज मंजूर झाले. मूळ कागद द्यायला दोघे बँकेत गेली. कारकुनाने कागद घेतले, यादी छापली, शिक्का मारला आणि पोच पुढे सरकवली. बाईंनी बोट ठेवून वाचली. यादीत अकरा नावे होती. घरून मोजून आणलेले कागद होते बारा. भाग दाखला लिहायचा राहिला होता.

"साहेब, बारावा लिहा," बाई म्हणाल्या. कारकुनाने गठ्ठा पुन्हा मोजला, बारावे नाव हाताने लिहिले आणि त्याखाली सही केली. ती पोच बाईंनी आम्हांला दाखवायला आणली होती.